डब्याची लांबी आणि तिचे इमान

तयार मिळणाऱ्या लघुरेल्वेच्या प्रवासी डब्यांचा आढावा घ्यावयाचा म्हणजे प्रथम मापपट्टी हाती घ्यावयाची आणि रंग, अक्षरे, बोधचिन्हे मागाहून पाहावयाची, हा माझा जुना आग्रह आहे. वयाबरोबर तो सैल होण्याऐवजी अधिकच घट्ट झाला आहे. अलीकडच्या सूचिपत्रकांत दारांच्या मुठी, छतावरील वायुवीजक, आतील आसनांचे रंग, पोटाखालच्या बॅटरीच्या पेट्या यांचे भरघोस वर्णन असते. परंतु डब्याची लांबी कोणत्या प्रमाणात घेतली आहे हा मूलभूत तपशील पुष्कळदा शेवटच्या ओळीत बारीक टाइपात दडलेला असतो, आणि काही वेळा तोही गाळलेला असतो. इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण १:८७ म्हणून विकले जाणारे इंजिन बहुधा तिन्ही दिशांनी १:८७ असते. डब्याची रुंदी व उंची मात्र एका प्रमाणात आणि लांबी दुसऱ्याच प्रमाणात, ही तडजोड या छंदात इतकी दीर्घकाळ चालत आली आहे की नवे लोक तिला नियमच समजतात.

पत्र्याच्या डब्यांच्या काळाविषयी मी फार लिहीत नाही. मेर्क्लिनचे २४ सेंटिमीटरचे छापील पत्र्याचे डबे देखणे होते, मुलांच्या हातून पडले तरी टिकत होते, आणि अचूकतेचा दावा त्यांनी फारसा केला नव्हता; २६.४ मीटरच्या खऱ्या डब्याशी ताडले तर त्यांची लांबी १:११० भरते, एवढी नोंद पुरे. ट्रायँगच्या आरंभीच्या आखूड प्लॅस्टिकच्या डब्यांनाही हाच न्याय लावावा.

ब्रिटिश डब्यांची हकीकत थोडी निराळी आहे. तेथे ओओ पद्धतीत डबा १:७६.२ चा आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या १४३५ मिलिमीटरच्या जागी साधारण १२५७ मिलिमीटरच भरतात. ही खोड जन्मजात आहे, आणि तिच्यावर इतके कागद खर्ची पडले आहेत की मी त्यात भर घालत नाही. तथापि १९७६ साली ब्रिटनमध्ये धावू लागलेल्या हायस्पीड ट्रेनच्या मार्क ३ डब्याचे उदाहरण वगळता येणार नाही. खरा डबा २३ मीटरचा, म्हणजे ओओमध्ये सुमारे ३०२ मिलिमीटरचा. त्याच्या अंगावर आठ मोठ्या खिडक्या. हॉर्नबीने काढलेल्या पहिल्या आखूड आवृत्तीत खिडक्या सात. ज्याने तो डबा खऱ्या गाडीत एकदा जरी पाहिला असेल त्याच्या डोळ्यांना आठवी खिडकी कशी दिसणार नाही? पुढे त्याच कंपनीने पूर्ण लांबीचा डबा काढला, ही आनंदाची गोष्ट. परंतु सात खिडक्यांचे डबे दीर्घकाळ विकले गेले आणि एका पिढीने त्या गाडीचा चेहरा तसाच मानून घेतला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. डबा आखूड करण्याच्या रीती दोन. एकीत खिडकी गाळतात, दुसरीत सर्व खिडक्या ठेवून प्रत्येक थोडी आवळतात. जर्मन कारखानदारांनी मुख्यतः दुसरी रीत पत्करली, आणि ती फसवी आहे, कारण मोजणीला ती उतरते. पश्चिम जर्मनीच्या २६.४ मीटरच्या एक्सप्रेस डब्यात प्रथम वर्गाला दहा कक्ष आणि द्वितीय वर्गाला बारा. आवळलेल्या डब्यातही कक्ष दहा आणि बाराच असतात. मात्र उंची कायम राहून रुंदी घटल्यामुळे खिडकीचा आडवा आयत चौरसाकडे झुकतो, आणि त्या डब्याची सारी ऐट, जी त्याच्या लांबट, शांत खिडक्यांच्या रांगेत आहे, ती निघून जाते.

या डब्याची लांबी १:८७ मध्ये ३०३ मिलिमीटर यावयास हवी. रोवा या कंपनीने १:१०० हे लांबीचे प्रमाण घेऊन २६४ मिलिमीटरचे डबे काढले, आणि त्या काळाच्या मानाने त्यांचे कोरीवकाम अप्रतिम होते. फ्लाइशमानने १:९३.५ म्हणजे २८२ मिलिमीटर हा मधला मार्ग धरला. मेर्क्लिननेही पुढे तोच स्वीकारला. या सर्व तडजोडींच्या गर्दीत विली आडे यांनी स्वतःच्या नावाने पूर्ण ३०३ मिलिमीटरचे डबे बाजारात आणले, तेव्हा ते वळणावर चालणार नाहीत, टेबलावर शोभणार नाहीत आणि कोणी विकत घेणार नाही, अशी भाकिते झाली. आडे यांचा डबा मी प्रथम हातात घेतला तेव्हा त्याच्या आतील कक्षांच्या भिंती, बारीक चौकटींत बसवलेल्या काचा आणि छताचा वक्र पाहून मी कितीतरी वेळ बोललो नाही. रोकोने पुढे पूर्ण लांबीचे डबे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले, आणि ही लढाई निदान जर्मनीपुरती बव्हंशी जिंकली गेली.

पूर्ण लांबीच्या विरोधकांची कैफियत आजही तीच आहे: घरातील टेबलावर ३६० मिलिमीटर त्रिज्येची वळणे असतात, त्यांवर लांब डबा मधोमध आत झुकतो आणि कुरूप दिसतो. ही मंडळी हिशेब मांडून दाखवीत नाहीत, म्हणून तो मी मांडतो. या जर्मन डब्याच्या दोन बोग्यांच्या पिव्हटांमधले अंतर १९ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये २१८ मिलिमीटर. ३६० त्रिज्येच्या वळणावर त्याचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून सुमारे १७ मिलिमीटर आत येतो. म्हणजे रुळांच्या गेजइतका. हे वाईट दिसते, यात वाद नाही. परंतु १:१०० चा आखूड डबा त्याच वळणावर सुमारे १३ मिलिमीटर आत येतो. चार मिलिमीटरच्या लाभासाठी डब्याची लांबी ३९ मिलिमीटरने कापावयाची, हा कोठला व्यवहार? त्याच लांब डब्याला ६०० मिलिमीटरचे वळण दिले की झुकाव १० मिलिमीटरवर येतो. दोष वळणाचा आहे. ३६० मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात अवघे ३१ मीटर, आणि आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र अनुज्ञेय वळणही १७५ मीटरचे असते. वळण सैल करणे शक्य नसेल तर डबे कमी जोडावेत, पण त्यांचे अंग कापू नये.

हे सारे मला शिकवले ते माटुंग्याच्या कॅरेज वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका फोरमनांनी. १९३० साली सुरू झालेल्या दख्खनच्या राणीच्या पहिल्या डब्यांच्या चौकटी विलायतेहून आल्या होत्या आणि त्यांवरील देह माटुंग्यातच घडवले गेले होते. त्या कामावर हात चालवलेल्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली हे गृहस्थ उमेदवार होते. मी मोठ्या हौसेने आणलेला एक डबा त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. डबा उलटा केला आणि म्हणाले, “अहो, आधी पिव्हट ते पिव्हट मोजा, मग बोगीचा व्हीलबेस मोजा. ही दोन मापे चुकली की वरचं सगळं वाया.” त्यांच्या घराच्या ओटीवर आम्ही कितीतरी रविवार असे डबे उलटे करून मोजण्यात घालवले. ती माणसे आता राहिली नाहीत, आणि मोजणारे हातही विरळ झाले आहेत.

आपल्या डब्यांकडे वळताना मला सर्वांत अधिक खंत वाटते. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या लघुरेल्वेच्या संग्रहालयाने मराठी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना या छंदाची दीक्षा दिली. तेथून बाहेर पडलेला मुलगा दुकानात जाऊन आपला डबा मागतो, तेव्हा त्याला काय मिळते? युरोपीय डब्यावर भारतीय रंग चढवलेली वस्तू माझ्या पाहण्यात अनेकदा आली आहे. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, १९५५ पासून श्लिरेनच्या स्विस आराखड्यावर बांधला गेलेला डबा २१,३३७ मिलिमीटर लांब आणि ३,२४५ रुंद. १:८७ मध्ये २४५ आणि ३७ मिलिमीटर. युरोपीय डबा सुमारे साडेबत्तीस मिलिमीटरच रुंद असतो. जवळजवळ पाच मिलिमीटरची ही तूट कोणत्या रंगाने भरून निघेल? आयसीएफ बोगीचा व्हीलबेस २,८९६ मिलिमीटर, म्हणजे ३३ मिलिमीटर. त्याखाली जर्मन बोगी सरकवली की ती २९ च्या आतच राहते, आणि डबा उभ्या उभ्या अशक्त दिसतो.

आणि ज्या सबबीवर युरोपात डबे कापले गेले ती सबब आपल्याकडे मुळातच लागू नाही, ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. आयसीएफ डब्याचे पिव्हट ते पिव्हट अंतर १४,७८३ मिलिमीटर, म्हणजे १७० मिलिमीटर. ३६० च्या वळणावर पूर्ण लांबीचा भारतीय डबा केवळ १० मिलिमीटर आत येतो, म्हणजे कापलेल्या जर्मन डब्यापेक्षाही कमी. त्याला आखूड करण्याचे कारणच उरत नाही. तरीही आखूड डबे निघतात, आणि ज्यांत नऊ कप्पे असावयास हवेत अशा शयनयानात खिडक्या मोजताना हिशेब जुळत नाही.

गेजचा प्रश्न याहून कठीण आहे. आपले १,६७६ मिलिमीटर १:८७ मध्ये १९.३ भरतात आणि डबा चालतो १६.५ वर, ब्रिटिशांच्या जन्मजात खोडीपेक्षा ही तूट प्रमाणाने अधिक आहे. १९.३ चे रूळ स्वतः घालणारे मोजके साधक मला ठाऊक आहेत आणि त्यांच्याविषयी मला अतीव आदर आहे. तयार डबे घेणाऱ्यांकडून ती अपेक्षा करता येत नाही. परंतु कारखानदाराने बोगीच्या बाजूच्या चौकटी खऱ्या रुंदीवर ठेवून चाकांचा आस तेवढा बदलता येईल अशी तजवीज केली, तर दोन्ही वर्गांची सोय होईल, आणि खर्चही फारसा वाढू नये.

एलएचबी डबा आल्यापासून मात्र एक नवी अडचण उभी राहिली आहे. त्याचा देह २३,५४० मिलिमीटरचा, पण पिव्हटांमधले अंतर १४,९००, म्हणजे आयसीएफच्या जवळपास तेवढेच. वाढलेली सारी लांबी दोन्ही टोकांना गेली आहे. म्हणून ३६० च्या वळणावर याचे टोक सुमारे १५ मिलिमीटर बाहेर फेकले जाते, तर आयसीएफचे ११ च्या आत राहते. जर्मन डब्यांना वळणावर आपोआप लांबणारी आणि सरळ रुळावर आक्रसणारी कपलिंगची यंत्रणा बसवतात. एलएचबी डब्याला तिची नितांत आवश्यकता आहे. बोगीलाच कपलिंग खिळवलेले जे नमुने माझ्या हाती आले, त्यांत सरळ रुळावर दोन डब्यांमध्ये इतकी फट राहते की पूर्ण लांबी घेऊन मिळवलेले सारे सौंदर्य तेथेच सांडते. असा डबा विकत घेणाऱ्याने खोके उघडण्यापूर्वी दुकानदाराला तीन आकडे विचारावेत, २७१, १७१ आणि २९, म्हणजे देह, पिव्हट ते पिव्हट आणि बोगीचा व्हीलबेस. आणि मग दोन डबे काउंटरवरच्या रुळावर जोडून, डोळा रुळाच्या पातळीला आणून, मधली फट पाहावी.