प्लेगची लस व नोंदीचा पुरावा

रोगराईच्या कागदांस ऐतिहासिक साधनांत स्थान नाही, हे उचित नव्हे. प्लेगची लस सिद्ध करून हाफकिन यांनी ती मुंबईस ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें १९०२ त पंजाबांत मुल्कोवाल येथें १०७ जणांस टोंचलें असतां १९ जण धनुर्वातानें दगावले व दोष हाफकिनांवर आला. परंतु मृत सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. ती उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता, असें चौकशींत निघालें. १९०७ त हाफकिन दोषमुक्त झाले. बाटलीवार हिशेब नसता तर हें घडतें ना. नगर जिल्ह्यानेंही प्लेग सोसला आहे; तरी येथील संग्राहकांनीं गांवोगांवचीं जन्ममृत्यूचीं जुनीं पुस्तकें रद्दींत जाऊं देऊं नयेत.