साडेसात लाखांच्या मागून आयआयटीकडे

47.9026465. ही संख्या 2025 सालची. त्या वर्षी जेईई मेन देऊन पुढच्या, म्हणजे जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या परीक्षेला पात्र ठरायचं, तर अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला किमान एवढं पर्सेंटाइल लागलं. खुल्या गटाची रेघ 93.1023262 वर होती. मेनला देशभरातून पावणेपंधरा लाखांच्या आसपास मुलं बसली होती. आता हिशेब करा. आंबेगावातल्या आहुप्याच्या किंवा जुन्नरमधल्या घाटघरच्या एखाद्या महादेव कोळी मुलीच्या पुढे साडेसात लाखांहून जास्त मुलं असती, तरी देशातल्या सगळ्यांत दुर्मिळ जागांच्या स्पर्धेत ती टिकून राहिली असती.

हे पहिल्यांदा ऐकलं की माणसं दोनपैकी एक काहीतरी म्हणतात. ‘इतक्या कमी मार्कांवर?’ किंवा ‘मग आमच्या पोरीला कुणी सांगितलं का नाही?’ दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. पण पहिल्याचं उत्तर भलतंच मजेशीर आहे, म्हणून आधी तेच.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. 48 पर्सेंटाइलचा अर्थ 100 पैकी 48 गुण असा होत नाही. तुमच्या सत्रात पेपर दिलेल्या 100 मुलांपैकी 48 जण तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. पेपर सोपा असो की अवघड, त्या सत्रातला पहिला आला त्याला 100. दशांशाचे सात आकडे ठेवतात ते लाखो मुलांची एकाच आकड्यावर गर्दी होऊ नये म्हणून. (जुन्नरच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यात यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब कोरला आहे: किती गायी, किती घोडे, किती कार्षापण. भारतातल्या सगळ्यांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही तिथे दिसतात. त्यात शून्य नाही. आज त्याच घाटमाथ्यावरच्या मुलांचं भवितव्य दशांशाच्या सातव्या स्थळापर्यंत मोजलं जातं.)

आणि खरी चकित करणारी बाब पुढेच आहे. ती 47.9026465 ची रेघ कुणीही ठरवलेली नाही. ठरलेली असते ती डोक्यांची संख्या. अ‍ॅडव्हान्स्डला अडीच लाख मुलं घ्यायची, त्यातली साडेसात टक्के, म्हणजे 18,750 च्या आसपास, अनुसूचित जमातीची. वरून मोजत यायचं आणि संख्या भरली की थांबायचं. शेवटच्या मुलाचं जे पर्सेंटाइल, ती त्या वर्षीची रेघ. 2023 साली जमातीची रेघ 37.2348772 होती. 2024 ला ती 46.6975840 झाली आणि 2025 ला जवळजवळ 48. नियम तेच, पण दोन वर्षांत रेघ दहा पर्सेंटाइलहून जास्त वर सरकली, कारण रांगेतली मुलं बदलली. ‘सरकारने गुण कमी केले’ असं पारावर बोललं जातं, त्यात म्हणूनच अर्थ नाही. रेघ मुलंच वर ढकलतात, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी ती चांगली जोरात ढकलली.

अर्थात 48 वर आयआयटी मिळत नाही, तिथे फक्त दुसऱ्या परीक्षेचं दार उघडतं. 23 आयआयटींत मिळून जागा 18 हजारांच्या घरात, त्यांतल्या जमातीच्या साधारण साडेतेराशे. या दुसऱ्या परीक्षेचीही तऱ्हा न्यारी. 2025 साली ती 360 गुणांची होती आणि खुल्या गटाच्या यादीत नाव यायला 74 गुण पुरले. शाळेत एवढ्या गुणांना नापास म्हणतात. पेपरच असा काढतात की भल्याभल्यांनी अर्धा कोरा सोडावा, त्याशिवाय वरच्यांतला वरचा वेगळा काढता येत नाही. जमातीच्या यादीची किमान मर्यादा त्याच्या निम्मी, 37. शिवाय प्रत्येक विषयात वेगळे किमान गुण हवेतच.

त्याच्याही खाली एक यादी असते, तिच्याबद्दल घोडेगाव-जुन्नरच्या शाळांत मी फारसं बोललेलं ऐकलं नाही. त्या वर्षी ती 18 गुणांपर्यंत खाली गेली. राखीव जागा नेहमीच्या यादीतून भरल्या नाहीत, तर या यादीतल्या मुलांना आयआयटी स्वतःच एक वर्ष शिकवते: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी. याला प्रिपरेटरी कोर्स म्हणतात. वर्षाअखेरच्या परीक्षांत पास झालं की पुढच्या वर्षी ठरलेल्या शाखेत थेट प्रवेश, पुन्हा जेईई नाही. देशातली सगळ्यांत कडक म्हणून नावाजलेली परीक्षा इथे चक्क कबूल करते, की तीन-तीन तासांच्या दोन पेपरांत सगळं कळत नाही, वर्षभर शिकवून बघायला हवं. मला तर या सगळ्या यंत्रणेतला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

भाषेची मेख मात्र आहे. जेईई मेन 2021 पासून मराठीतही देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आश्रमशाळेत दहावीपर्यंत ‘संवेग’ आणि ‘त्वरण’ शिकलेल्या मुलाने पहिला पेपर त्याच शब्दांत सोडवायचा आणि पुढचा पेपर इंग्रजीत दिला, तर तिथे ‘मोमेंटम’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’ ओळखायचे. तयारीच्या वर्षात इंग्रजी कशाला, हे इथे कळतं. घरचे हिरडा गोळा करतात की भात लावतात, याचा या अडचणीशी संबंध थोडा. अडचण पुस्तकांच्या भाषेची आहे.

बारावीची अटही दिसते तेवढी सरळ नाही. खुल्या गटाला 75 टक्के, जमातीला 65. पण एवढे नसले, तरी आपापल्या बोर्डात आपल्या गटातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असलं की चालतं. म्हणजे तुलना तुमच्याच बोर्डाच्या मुलांशी. अमेरिकेत टेक्सासने 1997 साली याच्याही पुढची उडी मारली: राज्यातल्या कुठल्याही हायस्कुलात वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठात प्रवेश, प्रवेशपरीक्षेचे गुण कितीही असोत. या नियमाने मुलं इतकी आली, की ऑस्टिनच्या विद्यापीठाला पुढे दहाचा आकडा खाली आणावा लागला.

गुण वाढवायचा रस्ताही फार लांब नाही. शेजारच्या खेड तालुक्यात कडूसला दक्षणा फाउंडेशनचं निवासी केंद्र आहे. नवोदयसारख्या सरकारी शाळांतली मुलं स्वतःच्या चाचणीतून निवडून तिथे जेईई आणि नीटची तयारी करून घेतात, फुकट.

आता आंबेगाव-जुन्नरच्या पूर्वेकडची गोष्ट. नारायणगावचा टोमॅटोवाला किंवा मंचरचा बटाटेवाला शेतकरी म्हणेल, आमचं काय? त्याच्यासाठीही रेघा वेगळ्या आहेत, फक्त दाखला नेमका हवा. मराठा आरक्षणाचा राज्याचा एसईबीसी दाखला आयआयटीत चालत नाही. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि शेती पाच एकरांपेक्षा कमी असेल, तर मराठा कुटुंबातल्या मुलाला ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण, लागू होऊ शकतं. कुणबी नोंद असेल, तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमीलेअर. 2025 साली या दोन्ही रेघा 80 च्या आसपास होत्या, खुल्या गटापेक्षा 13 पर्सेंटाइल खाली. राहिला फीचा प्रश्न: जमातीच्या मुलांना आयआयटीत शिक्षणशुल्क पूर्ण माफ असतं, वर्षाचे दोन लाख रुपये वाचतात. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र वेगळा.

तेव्हा घरात अकरावी-बारावीचं मूल असेल, तर क्लासच्या फीची चौकशी नंतर करा, दाखल्याची आधी. जमातीचा दाखला एकदा केंद्राच्या नमुन्यात काढला की झालं. ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रीमीलेअर मात्र परीक्षेच्या वर्षी 1 एप्रिलनंतर काढलेलंच लागतं. जुनं दाखवलं, तर मूल थेट खुल्या गटात धरलं जाऊ शकतं, आणि तिथली रेघ 2025 साली 93 वर होती.