दोन शहरे आणि सूर्याचे घड्याळ

मुंबई आणि लंडन यांच्या वेळेत किती फरक आहे, असे दहावीच्या वर्गात विचारले तर 'साडेपाच तास' हे उत्तर लगेच येते. भूगोलाच्या पेपरात ते चालतेही. पण जून महिन्यात लंडनला फोन केला तर फरक साडेचार तासांचाच भरतो. आणि सूर्याला विचारले तर तो तिसरेच उत्तर देईल : चार तास एकावन्न मिनिटे!

सूर्याचा हिशेब सरळ आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. लंडनमधील ग्रिनिच ० अंश रेखांशावर, मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्वेला. गुणाकार विद्यार्थ्यांनाच करू द्यावा.

मग साडेपाच तास कुठून आले? भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची आहे. मुंबईचा सूर्य तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. मुंबईत काठीची सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, तर साधारण बारा एकोणचाळीसला (वर्षभरात ही वेळ पाव तासापर्यंत पुढेमागे सरकते).

ही ३९ मिनिटे केवळ आकडेमोडीची नव्हती. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली. तोवर मुंबई आपल्या स्थानिक वेळेने चालत असे. गिरण्यांनी नवी वेळ घेतली, तेव्हा भोंग्याचा आकडा तोच राहिला, पण तो सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी वाजू लागला. कामगारांना तेवढे लवकर, अंधारात उठणे आले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी याविरुद्ध काम बंद पाडले. विरोध एवढा होता की शहरात 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिला.

लंडनचीही अशीच एक गोष्ट आहे. लंडन ५१.५ अंश उत्तरेला असल्यामुळे तिथे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून मोठा, तर डिसेंबरमध्ये आठ तासांहूनही लहान असतो. उन्हाळ्यात पहाटेचा उजेड झोपेत वाया जातो, म्हणून १९१६ पासून तिथे उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे करतात. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने ते वर्षभर पुढे ठेवून पाहिले. हिवाळ्यात मुले अंधारातच शाळेला निघू लागली, स्कॉटलंडमध्ये तर फारच आरडाओरड झाली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. मुंबई १९ अंशांवर आहे. तिचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम सव्वादोन तासांचे अंतर पडते. इथे घड्याळ हलवून हाती काय लागणार?

घड्याळाच्या या सरकण्याचा परिणाम पैशाच्या व्यवहारावरही होतो. मुंबईचा शेअर बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, लंडनचा तिथल्या आठ ते साडेचार. हिवाळ्यात लंडनचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजार एकाच वेळी दोनच तास चालू असतात. उन्हाळ्यात हे दोनाचे तीन तास होतात. मुंबईत कोणी बोटही हलवलेले नसते.

पंचांग मात्र घड्याळाच्या आकड्यावर बसत नाही. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनावरून ठरते, त्यामुळे ती साऱ्या जगात एकाच क्षणी संपते. सूर्योदय मात्र प्रत्येक गावाचा वेगळा. समजा, जानेवारीत एकादशी मुंबईच्या घड्याळात सकाळी साडेसातला संपली. मुंबईत सूर्य सव्वासातच्या आधीच उगवलेला असल्याने त्या सूर्योदयाला एकादशी आहे. लंडनमध्ये त्या क्षणी रात्रीचे दोन वाजलेले असतात. तिथे आठच्या सुमारास सूर्य उगवेल तेव्हा द्वादशी लागलेली असेल. म्हणजे सूर्योदयाची तिथी धरली तर लंडनच्या मराठी घरात एकादशी आदल्या दिवशीच होऊन गेली. मुंबईत छापलेली दिनदर्शिका तिथे भिंतीवर लावली, तर उपास एक दिवस उशिरा घडेल.