लाल देवळाचा फोटो

सकाळचे डबे भरले, दूध तापवून ठेवलं, की अर्धा तास पाय मोकळे करायला बाहेर पडणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळजणी असतील. मीही त्यातलीच. लग्न होऊन पुण्याच्या लष्कर भागात राहायला आले तेव्हापासून माझा फिरायचा रस्ता ठरलेला आहे. त्या रस्त्यावर, मोलेदिना रोडला, लाल विटांची एक जुनी इमारत लागते. उंच मनोरा, मनोऱ्यावर घड्याळ, टोकदार कमानींच्या खिडक्या. घरी आलेल्या पाहुण्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आले, “हे इथलं जुनं चर्च बरं का!” रिक्षावाले त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात, ते चर्चलाच म्हणत असणार, अशी माझी ठाम समजूत!

ही समजूत मोडली एका फोटोपायी.

शाळेतली माझी एक मैत्रीण रास्ता पेठेत राहायची. पुढे तिच्या घरची सगळी मंडळी इस्रायलला गेली. इतक्या वर्षांनी मोबाइलमुळे पुन्हा गाठ पडली. एके दिवशी तिने लिहिलं, “आईची नव्वदी जवळ आली. हल्ली सारखं लाल देवळाचं नाव काढते. तुला जवळ पडतं ना? एक फोटो काढून पाठव.” मी आपलं लिहून मोकळी झाले, “अगं, तुम्हाला चर्चचा फोटो कशाला?” थोड्या वेळाने उत्तर आलं, “ते चर्च नाही गं. आमचं आहे ते.”

मैत्रिणींनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज ज्याच्या कडेने जाते ते काय आहे, हे मला परदेशातून कळावं!

मग नीट माहिती काढली. हे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग. नाव ‘ओहेल डेव्हिड’, दाविदाचा तंबू. बगदादहून 1832 साली मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं. 1864 साली ते वारले आणि बांधकाम पुरं झालं 1867 मध्ये. त्यांची समाधीही याच आवारात आहे. स्टेशनजवळचं ससून रुग्णालय त्यांच्याच देणगीतलं. दोन्ही इमारतींचा आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंग्रज अधिकाऱ्याचा. त्या काळी इंग्रज जशी चर्चं बांधत तसाच घाट त्याने दिला, विटांबरोबर आपला काळा दगडही वापरला. म्हणून तर माझी फसगत झाली. पण मान वर करून एकदा मनोऱ्याचं टोक पाहिलं असतं तर कळलं असतं, तिथे क्रूस नाही.

आणि माझी मैत्रीण तर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू मंडळी. घरात मराठीच बोलणारी. आडनावं गावांवरून पडलेली, शेवटी ‘कर’ लावलेली. पूर्वी त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी घाणा बंद, त्यामुळे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. 1948 नंतर त्यांतली बरीचशी कुटुंबं इस्रायलला गेली. मागे थोडी राहिली.

आता फोटो काढणं म्हणजे काही मोठं काम नाही. पण आज पाहुणे, उद्या दळण, परवा पाऊस, असं करता करता तीन महिने गेले. शेवटी एका मंगळवारी निघाले. ही कामाला येईल अशी पहिली गोष्ट: अशा ठिकाणी शनिवारी फोटो काढायला जाऊ नये. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. आणि दुसरी, आधी विचारावं. मी फोन वर केला तोच पहारेकरी पुढे आला. राग आला नाही. 2008 साली मुंबईत नरीमन हाउसवर हल्ला झाला होता, ते आपण कसं विसरणार? मी कारण सांगितलं. तो म्हणाला, “फाटक आणि आमची माणसं घेऊ नका बाई. समोरच्या फूटपाथवरून मनोरा घ्या.” तसंच केलं.

विटांच्या इमारतीचा फोटो काढायच्या दोनचार युक्त्याही सांगते. भर दुपारी वीट सपाट, फिकी दिसते. सकाळी किंवा उतरत्या उन्हात प्रत्येक विटेची कड उठून दिसते. जवळ उभं राहून फोन वर तिरका धरला की मनोरा मागे पडल्यासारखा येतो. त्यापेक्षा मागे सरकावं आणि फोन सरळ धरावा. आणि हो, आपला फोडणीचा हात लागून फोनची काच तेलकट झालेली असते. आधी मऊ सुती कपड्याने पुसावी, नाहीतर सगळं धुक्यात असल्यासारखं येतं.

मी हौसेने पंधरा-वीस मिनिटं थांबले. स्कूटर गेली, भाजीवाला गेला, शाळेची मुलं गेली. रस्ता अगदी मोकळा झाला तेव्हा फोटो घेतला. स्वच्छ, सुंदर. लगेच पाठवला.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने कळवलं. आईने फोन डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहिला. देऊळ ओळखलं. मग विचारलं, “माणसं कुठं गेली सगळी?”

मी मुद्दाम माणसं टाळली होती, हे त्या माउलीला कोण सांगणार! त्या एका प्रश्नाने दिवसभर कामात लक्ष लागेना.

रविवारी पुन्हा गेले, या वेळी यांना घेऊन. फूटपाथवर मी स्वतः उभी राहिले, हातात मंडईची पिशवी तशीच. मागून दोन मुली सायकलवरून गेल्या, त्याही येऊ दिल्या. फोटो किंचित वाकडा आलाय. यांचा हात हलतो.

तुमच्याही वाटेवर असं एखादं देऊळ, दर्गा, चर्च, जुना वाडा असेल. त्याचं खरं नाव काय, ते कुणाचं, एवढं तरी एकदा विचारा. परवानगी घेऊन फोटो काढा, मागे तारीख-साल लिहून ठेवा. फक्त माणसं हलायची वाट बघत बसू नका. आणि कुणी मागितला असेल तर तीन महिने लावू नका.

दुसऱ्या फोटोचंही उत्तर आलं. आईने विचारलं, “ही कोण?” “माझी शाळेतली मैत्रीण.” मग पुन्हा फोन डोळ्यांशी नेऊन, “पिशवीत काय आहे गं तिच्या? मेथी दिसतेय.”

मेथीच होती.