तापलेल्या तारेने कापलेला पंख
मॉडेल विमानाचा पंख थर्माकोलमधून सुरीने कापायला गेलं, की दाणे उखडतात. त्यासाठी चौकटीत ताणलेली नायक्रोमची तार हवी. वीज सोडली की ती तापते आणि थर्माकोल वितळवत पुढे सरकते. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना सनमायकाचे साचे बसवायचे आणि तार त्यांच्या कडेवरून न्यायची. मला १९२२ सालचा ‘क्लार्क वाय’ हा पंखाच्या छेदाचा आकार आवडतो. त्याची खालची बाजू बरीचशी सपाट, त्यामुळे पंख टेबलावर ठेवून जोडता येतो.

खरी कसोटी निमुळत्या पंखाची. बुडाचा साचा मोठा, टोकाचा लहान, पण तार दोन्हीकडून एकाच वेळी बाहेर पडली पाहिजे. म्हणून दोन्ही साच्यांवर दहा-दहा सारखे भाग आखून आकडे घालतो. पलीकडची बाजू माझी बहीण सांभाळते. मी ‘तीन’ म्हटलं की तिची तारही तीनवर हवी. घाई केली तर तार मध्ये मागे राहते आणि आकार बिघडतो; थबकलं तर तिथे खाच पडते. तापमान नेमकं असलं की तारेमागे केसासारखे बारीक तंतू निघतात. ते दिसले की मला फार बरं वाटतं!

वरखालचे उरलेले तुकडे जपून ठेवा. पंखावर बाल्सा लाकडाचा पातळ थर चिकटवताना तो त्यांच्यातच दाबायचा असतो. कापताना खिडक्या सताड उघड्या ठेवा, आणि पॉलियुरेथेन फोमला ही तार कधीही लावू नका. त्याचा धूर विषारी असतो.