आमवात : व्याधीचा उगम सांध्यांबाहेर

सकाळी तासभर बोटे मिटत नाहीत, दोन्ही मनगटे सुजलेली आहेत आणि रुग्णाच्या हाती ‘आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह’ असा अहवाल आहे. अशा वेळी ‘हा आमवात नव्हे, साधा संधिवात’ असे सांगून तैलाभ्यंग सुरू केला जातो. सामावस्थेत तेलाने काय होते, हे वैद्यवर्गास सांगावयास नको.

या घटकाचे वर्णन नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली केले. तो इतर व्याधींत व निरोगी वृद्धांतही सापडतो आणि खऱ्या रुग्णांपैकी अनेकांत सापडत नाही. अँटी-सीसीपी चाचणी अधिक नेमकी आहे (विशिष्टता सुमारे ९५ टक्के), तथापि तीही जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांत निगेटिव्ह येते.

सीसीपी म्हणजे काय, हे समजले की ऱ्हुमॅटॉइड व्याधीची संप्राप्तीही उलगडते. पॅड नावाचे विकर प्रथिनांतील आर्जिनिनचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे स्वतःचेच प्रथिन शरीरास परके भासू लागते. मात्र सर्वांनाच नव्हे. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या काही प्रकारांत ७० ते ७४ या स्थानांवरील अमिनो आम्लांची रचना समान असते, हे ग्रेगर्सन व सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडले. या रचनेमुळे पेशीवरील जी खाच घडते, तीत आर्जिनिन नीट बसत नाही, सिट्रुलिन मात्र चपखल बसते. मग टी-पेशी चेततात, त्यांच्या साहाय्याने बी-पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात. तरीही जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे. एकरूप जुळ्यांपैकी एकास व्याधी असता दुसऱ्यास तो होण्याचे प्रमाण केवळ १२ ते १५ टक्के आढळले आहे. उरलेला भाग निदानसेवनाचा म्हणावा. धूम्रपानाने फुप्फुसांतच सिट्रुलिनयुक्त प्रथिने वाढतात, हे स्वीडनच्या क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ साली दाखविले.

प्रतिपिंडे लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी रक्तात दिसू शकतात. सांधा हे त्यांचे पुढचे अधिष्ठान. तेथे टीएनएफ व इंटरल्युकिन-६ यांमुळे आवरण जाड होते, आणि रँकलिगंड या प्रथिनाने चेतविलेल्या अस्थिभक्षक पेशी हाड कुरतडू लागतात. अन्यत्र उत्पन्न झालेला आम श्लेष्मस्थानी जातो, या माधवकरांच्या विवेचनाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र आम म्हणजेच प्रतिपिंड, असे समीकरण मांडण्याचा मोह प्रस्तुत लेखकास मान्य नाही. साम्य विचाराच्या दिशेत आहे, द्रव्यात नाही.

कुरतडलेले हाड पूर्ववत होणे दुर्मीळ. म्हणून लहान सांध्यांची सूज सहा आठवडे टिकली, तर आर. ए. फॅक्टर काहीही असो, अँटी-सीसीपी, सीआरपी व हातापायांची क्ष-किरण तपासणी करून संधिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. आपली चिकित्सा त्यासोबत, त्यांना कळवून चालविता येते. रुग्ण मेथोट्रेक्सेट घेत असल्यास ते परस्पर बंद करवू नये आणि यकृताच्या चाचण्यांचे अहवाल पाहावेत. औषधालयचालकांनीही एक विचारणा अवश्य करावी : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते, रोज नव्हे, हे रुग्णास ठाऊक आहे ना?