एक नाणे, दोन सरकारे

गोव्यातील जुन्या घरांत एखादी पेटी उघडली की कधी कधी तीतून रुप्याचे एक नाणे निघते. त्यावर पोर्तुगालचा राजा दों लुईश याची मुद्रा असते आणि सन १८८१ किंवा १८८२. नवे असताना हे नाणे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाबरोबर तराजूत घातले असते, तर दोन्ही पारडी समान राहिली असती. वजन एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. राज्ये दोन, पण रुपया एकाच मापाचा! हे कसे घडले, हे आम्ही विद्यार्थिमित्रांस थोडक्यात सांगू इच्छितो.

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि जानेवारी १८८० मध्ये तो अमलात आला. त्यान्वये गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकातीची भिंत दूर झाली, बाहेरून येणाऱ्या मालावरील कर सारखे झाले, आणि गोव्याचा रुपिया हिंदुस्थानी रुपयाच्या तोलाचा ठरला. रुपयाचे आणे सोळा, तसेच रुपियाचे टांगेही सोळा. पेडण्याचा माणूस बांद्याच्या बाजारात गेला, किंवा डिचोलीचा दोडामार्गास गेला, तरी हिशेब सोपा झाला.

परंतु सोय फुकट मिळत नाही. मिठावरील कर हे ब्रिटिश सरकारचे मोठे उत्पन्न होते. गोव्याचे स्वस्त मीठ सीमेपार गेले, तर ते बुडणार. म्हणून गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल चार लक्ष रुपये मिळू लागले. पैसा पणजीच्या खजिन्यात गेला. झळ मात्र मिठागरात राबणाऱ्यास आणि महाग मीठ विकत घेणाऱ्या गरिबास लागली. तह करताना त्यांना कोणीही विचारले नव्हते.

दुसरी अडचण अधिकाराची. १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने आपल्या धोरणानुसार बहुतेक आयातकर उठविले. जकात समाईक असल्यामुळे त्या निर्णयाचा परिणाम गोव्याच्या तिजोरीवरही होणे अटळ होते. पण निर्णय घेणारे सरकार गोव्याचे नव्हते. बंधन दोघांस, मत एकाचे! अशी भागीदारी किती दिवस टिकणार? १८९२ मध्ये तह संपला आणि सीमेवर जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली.

रुपिया पुढे १९५८ पर्यंत चालला. मग एका रुपियास सहा या दराने एस्कुदो आला, आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया.

आज युरोपातही हाच प्रश्न दिसतो. १९९९ पासून तेथील अनेक राष्ट्रांनी युरो हे एकच चलन स्वीकारले. त्यांची मध्यवर्ती बँक एक. परंतु कर व खर्च ज्याचे त्याचे. २०१० मध्ये ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हा स्वतःचे चलन नसल्यामुळे त्याचे मूल्य उतरविण्याचा मार्ग त्याला मोकळा नव्हता. इतरांनी साहाय्य केले, पण कडक अटी घालून.

आपल्या देशातही एकच रुपया आणि अनेक राज्ये आहेत. मात्र येथे चलनामागे एक संविधान आहे. केंद्राने गोळा केलेल्या करांतील राज्यांचा वाटा वित्त आयोगाच्या शिफारशींवरून ठरतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्याच्या परिषदेत केंद्रास एक तृतीयांश व सर्व राज्यांस मिळून दोन तृतीयांश मते दिली गेली. निर्णयास तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे एकट्या केंद्रास वा केवळ राज्यांस निर्णय लादता येत नाही. वाद तेथेही होतात. पण लहानशा गोव्यासही तेथे आसन आहे. १८८२ मध्ये ते नव्हते.

नाण्याचे वजन टांकसाळीत जुळविता येते. ज्यांच्या हाती ते नाणे खेळते, त्यांचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था मात्र कायद्यानेच करावी लागते. पेटीतील ते जुने नाणे हाती आले, तर मित्रहो, मिठागरातील त्या माणसाची आठवण अवश्य ठेवा.